उंदरांचो दोतोर

आमच्या शेजारच्या स्वयंपाकघरात लोणच्याच्या बरणीवर एक चिठ्ठी डकवलेली आहे. चिठ्ठ्या आमच्याही बरण्यांवर असतात. 'लिंबू', 'आंबा', एवढंच. या चिठ्ठीवर लिहिलंय: 'बिंबलाचं लोणचं. मूळ कृती: पार्वती गावडे, चोपडे. मोहरी फेसून घालण्याची सुधारणा: त्यांची धाकटी सून. मीठ जास्त झालं आहे, ती चूक सर्वस्वी माझी.'

घर डॉ. वासुदेव कोरगावकर यांचं. दक्षिणेतल्या एका मोठ्या संस्थेत त्यांनी आयुष्यभर मेंदूवर संशोधन केलं आणि निवृत्त झाल्यावर ते जन्मगावी, चोपड्याला, नदीपासून हाकेच्या अंतरावर, छोटं घर बांधून राहिले. लग्न केलेलं नाही. गाव त्यांना दोतोर म्हणतो. पाठीमागे म्हणतो, उंदरांचो दोतोर.

हे नाव पडलं ते पहिल्याच आठवड्यात. मेंदूचा एवढा मोठा डॉक्टर गावात आला म्हटल्यावर सकाळपासून त्यांच्या पडवीत रांग. कुणाचे गुडघे, कुणाची शुगर. दोतोर बाहेर आले आणि हात जोडून म्हणाले, "मी माणसांना औषध देत नाही. मी चाळीस वर्षं फक्त उंदरांचा मेंदू पाहिला."

मागून एक बाई नवऱ्याकडे बोट दाखवत म्हणाली, "मगे माझ्या घोवाक तपासा दोतोर. फरक पडचो नाय."

मी त्यांच्या बाजूच्या घरात राहते आणि पेडण्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. त्यामुळे शास्त्रज्ञ शेजारी आले तेव्हा मला काय करू नि काय नको असं झालं होतं. आईनं केलेली पातोळी घेऊन मी गेले. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, "दोतोर, इथे भरती ओसरताना गळ टाकला की मासे चांगले लागतात."

"हे तुझं निरीक्षण?"

"नाही. लोक म्हणतात."

"लोक म्हणजे कोण? नाव घे."

मी गडबडले. "बाबा म्हणतात."

"त्यांना कोणी सांगितलं?"

मी कुंपणावरून बाबांना हाक मारली. बाबा म्हणाले, त्यांच्या आजीनं सांगितलं होतं. दोतोरांनी खिशातून छोटी वही काढली. "आजीचं नाव?"

बाबांनी आकाशाकडे पाहिलं. मग म्हणाले, "आम्ही तिका थोरली म्हणू. नाव... नाव काय गो तिचा?" आईलाही ठाऊक नव्हतं. दोतोरांनी वही मिटली. पातोळी खाल्ली, ती कुणी केली ते विचारलं, आणि आईचं नाव मात्र लिहून घेतलं.

'नाव घे' हा त्यांचा मंत्रच आहे. पोदेर सकाळी सायकलवरून पाव घेऊन येतो. आज पाव जरा खुसखुशीत आहे म्हटलं की दोतोर विचारणार, भट्टीवर आज कोण होतं? पोदेर म्हणतो, "दोतोर, नाव सांगीसर पाव थंड जातलो." मग थाप मारायचा बेत सोडून तो इमानदारीनं नाव सांगतो, कारण एकदा त्यानं स्वतःचंच सांगितलं होतं आणि दोतोरांनी भट्टीवर जाऊन खात्री केली होती.

देवळात मात्र ते खूष असतात. आमच्याकडे काही मागणं असलं की देवापुढे गाऱ्हाणं घालतात. घालणारा आधी सगळ्या देवांची, राखणदारांची, पूर्वजांची नावं घेतो, आणि मगच मूळ मुद्द्यावर येतो. बाकीचे 'होय म्हाराजा' म्हणतात. दोतोर गावी परतल्यावर पहिल्यांदा ऐकून बाहेर आले ते भारावूनच. "टीचर, इतकी व्यवस्थित संदर्भसूची मी परदेशातल्या परिषदेतसुद्धा पाहिलेली नाही. एकही नाव सुटलं नाही. आणि कुणाचं सुटलंच असेल म्हणून शेवटी माफी!"

माझ्या बीएडच्या प्रबंधिकेचं त्यांनी काय केलं तेही सांगायला हवं. मी मोठ्या कष्टानं लिहिलं होतं, आणि शेवटी रीतीप्रमाणे 'ज्ञात-अज्ञात सर्वांचे आभार' मानले होते. दोतोरांनी बाकी सगळं सोडून त्याच ओळीवर बोट ठेवलं.

"अज्ञात म्हणजे कोण?"

"तशी पद्धत आहे, दोतोर."

"अज्ञात असतील तर शोध. ज्ञात असतील तर नाव घे. पहिल्या बसला तुला कोण सोडायचं?"

बाबा सोडायचे. डिचोलीला खाणीच्या ट्रकवर कामाला जायच्या आधी, मोटरसायकलवरून, अंधारात. मी ती ओळ खोडली आणि बाबांचं नाव लिहिलं, गावासकट. बाबांना वाचायला वेळ लागतो. त्यांनी त्या नावावरून दोनदा बोट फिरवलं आणि "स्पेलिंग बरोबर असा" एवढंच म्हणाले. त्या दिवसापासून दोतोर मला नुसते विक्षिप्त वाटेनासे झाले.

तरी दोन गोष्टींचा उलगडा मला होत नव्हता.

पहिली गोष्ट त्यांच्या स्वयंपाकघरातली. सगळीकडे चकचकीत टाइल्स, ग्रॅनाइटचा ओटा; पण एका कोपऱ्यात चटईएवढी जागा मातीची. टाइल्स बसवणाऱ्या माणसानं तीन वेळा विचारलं होतं. दोतोर म्हणाले, ती जागा राखीव आहे. दर सोमवारी हा माणूस पायजमा गुडघ्यापर्यंत वर करून तेवढाच कोपरा शेणानं सारवतो. गावानं ठरवलं की काहीतरी प्रयोग चालला असणार. आईनं ठरवलं की काहीतरी करणी असणार.

दुसरी गोष्ट त्यांच्या लॅपटॉपमधली. रोज सकाळी चहा घेताना ते एक पान उघडतात. त्यावर त्यांचे आजवरचे सगळे शोधनिबंध ओळीनं, आणि प्रत्येकापुढे एक आकडा: जगात किती जणांनी आपल्या निबंधात त्याचा हवाला दिला तो. खाली आणखी एक आकडा, सगळ्या कामाचा मिळून. तो कसा काढतात हे त्यांनी मला आमच्या परसात उभं राहून समजावलं.

"समज, तुझे वीस माड असे आहेत की प्रत्येकाला वीस तरी नारळ लागलेत. मग तुझा आकडा वीस. एकाच माडाला हजार लागले आणि बाकीचे वांझ, तर तुझा आकडा एक."

आई कपडे वाळत घालत होती. "एका माडाक हजार नारळ? खंयची जात ती? रोप मेळात काय विचार गो."

गंमत म्हणजे दोतोरांकडे तसा माड होता. बाकीचे निबंध बरे होते, पण एकाचा आकडा इतका मोठा की तो वेगळाच उठून दिसायचा. उंदीर वाट कशी लक्षात ठेवतात, यावरचा त्यांचा तरुणपणीचा निबंध. अजूनही दर आठवड्याला कुठून कुठून त्याला हवाले मिळतात. जपान, ब्राझील, कुठे कुठे. आणि माझं कोडं हे होतं: त्याचा आकडा वाढला की दोतोरांचा चेहरा पडायचा. बाकी निबंधांचा वाढला की दुसरा कप चहा; त्या एकाचा वाढला की चहा तसाच. एकदा मी म्हणाले, "अभिनंदन दोतोर, परत तीन वाढले."

ते म्हणाले, "आणखी तिघांनी नेलं. नाव न घेता."

"तुमचं नाव घेतलंय की! हे काय, कोरगावकर."

"माझं घेतलंय, तेच म्हणतोय."

ते उठले आणि मला स्वयंपाकघरात, त्या मातीच्या कोपऱ्यापाशी घेऊन गेले.

ते आठ वर्षांचे असतानाची, इथल्याच जुन्या घरातली गोष्ट. मोठी बहीण, त्यांची आक्का, तेव्हा सतरा-अठरा वर्षांची. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात तांदळाची कणगी असायची आणि उंदीर रोज ठरलेल्या वाटेनं यायचा. आक्का तो कोपरा दर सोमवारी सारवायची. एकदा तिनं वासूला कंदील धरून बसवलं आणि म्हणाली, गंमत बघ. उंदीर आला. ताज्या सारवणावर पाय पडताच थबकला. इकडे गेला, तिकडे गेला, स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखा फिरला आणि कणगी न सापडता परत गेला. आक्का म्हणाली, "तेची वाट वासात असता. वास पुसलो काय वाट पुसली. दोन दिवस तांदूळ सुखरूप. मगे तो नवीन वाट घालता."

"माझा निबंध म्हणजे हे एवढंच," दोतोर म्हणाले. "पुढची सहा वर्षं मी फक्त मोजत होतो."

"मग त्यात आक्काचं नाव?"

"पहिल्या खर्ड्यात होतं. अशा वेळी कंसात नाव घालून 'प्रत्यक्ष संभाषणातून' असं लिहायची सोय असते. मी लिहिलं होतं. आमच्या प्रमुखांनी विचारलं, हे कोण, कुठल्या संस्थेत? म्हटलं, माझी बहीण, स्वयंपाकघरात. ते हसले. वाईट नव्हते ते. म्हणाले, वासुदेव, हा शोधनिबंध आहे, घरचं पत्र नव्हे." दोतोर कोपऱ्याकडे बघत राहिले. "त्यांनी सांगितलं हे खरं. पण खोडलं ते पेन माझं होतं."

निवृत्त झाल्यापासून ते त्या नियतकालिकाला पत्रं लिहीत होते: एक नाव राहून गेलंय, ते घाला. पहिल्या पत्राला उत्तरच नाही. दुसऱ्याला उत्तर आलं की इतक्या जुन्या निबंधात बदल होत नाहीत. आक्का आता ऐंशीच्या पुढे, दोतोर सत्तरीच्या पुढे. दोघांपैकी एक जरी गेलं तरी सांगणारं किंवा ऐकणारं कुणी उरणार नव्हतं. बारा पत्रांनंतर एका नव्या संपादक बाईंचं उत्तर आलं. निबंध बदलता येणार नाही, पण त्याला जोडून कायमचं एक टिपण देता येईल. त्यासाठी त्या व्यक्तीचं त्या वेळचं पूर्ण नाव, त्या वेळची संस्था, आणि सहीनिशी संमती हवी.

"डिचोलीला जायला हवं," दोतोर म्हणाले. "तू चल. तटस्थ निरीक्षक लागेल."

आक्का लग्न होऊन डिचोलीला गेलेल्या. तटस्थ निरीक्षक कशाला लागतो ते मला वाटेत कळलं. माझ्या स्कूटरवर मागे, फाइल छातीशी धरून बसलेले दोतोर तीनदा थांब म्हणाले. एकदा चहाला, एकदा हेल्मेट टोचतं म्हणून, एकदा आक्कासाठी खाजं घ्यायला. खाजं घेताना त्यांनी ते कुणी केलं हे विचारलंच नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं, माणूस घाबरलाय.

आक्का पडवीत बसून तांदूळ निवडत होत्या. अंगानं चिमूटभर, आवाजानं सगळी आळी भरेल अशा. सूप खाली न ठेवता म्हणाल्या, "इलो? उंदरांका सोडून माणसांत इलो?"

"आक्का, एक काम होता."

"काम नसताना तू कधी इलंस?" मग माझ्याकडे बघून, "ही कोण? लगीन केलंस काय मेल्या ह्या वयात?"

"शेजारची टीचर. साक्षीदार म्हणून."

"बघ, साक्षीदार घेऊन येता सख्ख्या भयणीकडे!"

दोतोरांनी फाइल उघडली. "तुजी एक सही व्हयी."

"सही? घर झिलाच्या नावार केलंय. आता काय उंदरांच्या नावार करू?"

मग दोतोरांनी सगळं सांगितलं. कोपरा, कंदील, निबंध, खोडलेलं नाव. सांगताना ते तिच्याकडे बघत नव्हते, फाइलच्या फितीशी खेळत होते. आक्का ऐकून घेऊन ज्या हसायला लागल्या त्या थांबेचनात.

"उंदीर वाट चुकता ह्या सांगून तू मोठो झालंस? अरे, ता आमच्या वाड्यातल्या सगळ्या बायलांका ठाऊक होता! माका विचारला असतंस तर मांजराची गजाल पण सांगलं असतंय."

"ठाऊक असतला. पण लिहिला कोणीच नव्हता. माका तू दाखयलंस."

आक्कांचं हसू थोडं कमी झालं. "मगे आता माझा नाव घालून काय ते उंदीर माका लाडू देतले?"

"नाय."

"मगे?"

मी मधे पडले, लॅपटॉप उघडला आणि म्हणाले, "आक्का, फक्त तीन गोष्टी. तेव्हा तुम्ही कुठल्या संस्थेत होता, असं विचारलंय. म्हणजे काम कुठे करायचात."

"खंय म्हणजे? रांदच्या कुडीत. पगार नाय, रजा नाय."

मी लिहिलं: 'कोरगावकरांचं स्वयंपाकघर, चोपडे, गोवा.' इंग्रजीत लिहिल्यावर ते बऱ्यापैकी भारदस्त दिसत होतं.

"पूर्ण नाव?"

"सत्यभामा नार्वेकर."

मी टाइप करू लागले, तर दोतोर हळूच म्हणाले, "न्हय. तेव्हाचा."

सूप थांबलं.

आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायची रीत आहे. ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीनं त्यात नवं नाव लिहितो. आडनाव तर बदलतंच, हाक मारायचं नावही बदलतं. आता नव्या मुली ऐकत नाहीत, पण आक्कांच्या काळी विचारायचं कोण? तांदळातलं ते नाव लागलं की आधीचं माहेरीच राहायचं, आणि माहेरची माणसं गेली की तेही जायचं.

"ता कोणाक याद असा?" आक्का म्हणाल्या.

"माका."

आक्कांनी सूप बाजूला ठेवलं. दोतोरांना नव्हे तर मला म्हणाल्या, "मी ह्या घरात इलंय तेव्हा सासू हाक मारी, सत्यभामा, गो सत्यभामा. आनी मी मागे वळान बघी, कोणाक हाक मारतत म्हणान. सगळी हसत. म्हणत, नवी सून कानान भायरी असा. महिनो दोन महिने मी मागे बघी. मगे सवय झाली. ता उंदराचा ऐकला आनी माका ह्याच आठावला बघ."

दोतोरांनी माझ्याकडून लॅपटॉप घेतला आणि एका बोटानं, एकेक अक्षर शोधत, ते नाव स्वतः टाइप केलं.

राहिली सही. आक्का बँकेसाठी सही करायला शिकल्या होत्या, पण 'सत्यभामा' अशीच. जुनं नाव लिहायला त्या कधी शिकल्याच नव्हत्या. तेव्हा त्यांना शाळेत कुणी पाठवलं नव्हतं. पेन हातात घेऊन त्यांनी पुन्हा खाली ठेवलं. "शाई असा? अंगठो घे. अंगठो कोणी बदलूक नाय."

त्यानंतर दोतोर रोज सकाळी पान उघडत, पण आकडा बघत नसत. त्या निबंधावर जाऊन सगळ्यात खाली काही उगवलंय का ते बघत. मी शाळेला जाताना कुंपणावरून विचारी, "दोतोर?" ते मान हलवत. असे चार-साडेचार महिने गेले. मग एक दिवस ते पायजम्यावरच रस्त्यात उभे राहिलेले दिसले, मला अडवायला. हातात छापलेला कागद.

तीन ओळींचं टिपण होतं. या निबंधाचा पाया असलेलं निरीक्षण अमुक व्यक्तीचं. तिचं नाव लेखकानं त्या वेळी वगळलं, याबद्दल लेखक दिलगीर आहे. संस्थेच्या जागी स्वयंपाकघर जसंच्या तसं. रविवारी आम्ही पुन्हा डिचोलीला गेलो. या वेळी वाटेत एकदाही थांबलो नाही.

आक्कांनी कागद उलटसुलट करून पाहिला. "माझा नाव खंय?" मी त्यांचं बोट धरून त्या जागेवर ठेवलं. त्यांनी बोट उचललं नाही.

"वाच बघू."

मी वाचणार, तेवढ्यात म्हणाल्या, "तू नको गो बाय. तो वाचात."

दोतोरांनी घसा साफ केला. कागद जवळ धरला, लांब धरला. चष्मा पुसला. अख्ख्या गावाला नाव घ्यायला लावणारा हा माणूस एका नावावर अडला होता. मला आधी कळेना, मग कळलं. मोठी बहीण ती. जन्मात कधी त्यांनी तिला नावानं हाक मारलेली नव्हती; आक्काच म्हणत आले. जीभच वळत नव्हती.

"नाव घे," आक्का म्हणाल्या. "नाव घेतल्याशिवाय च्या मेळाची नाय."

दोतोर कागदाकडे बघत, जेमतेम ऐकू येईल असं म्हणाले, "शेवंती."

आक्कांनी मागे वळून पाहिलं नाही.

"ओ," त्या म्हणाल्या, आणि चहा ठेवायला आत गेल्या.